संकासुराचा काळा वेश आणि १०-बिट व्हिडिओ

रात्रीच्या प्रयोगाचे चित्रीकरण करणाऱ्याला सर्वांत जास्त काळजी अंधाराची असते. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात कार्तिकानंतर जत्रांचे दिवस सुरू झाले, की देवळाच्या प्रांगणात रात्री उशिरा दशावतार उभा राहतो. गणपती येऊन जातो, मग संकासुर नावाचा असुर येतो आणि त्याचा वेश काळा असतो. मागे काळे आकाश, बाजूला माडांच्या सावल्या, मधोमध काळ्या कापडातला नट आणि त्याच्यावर एका बाजूने पडणारा पिवळसर उजेड. समोर बसलेल्या माणसाला त्या काळ्यातले पुष्कळ भेद दिसतात. कापडाची चुणी कुठे संपते आणि रात्र कुठे सुरू होते, हे त्याला सहज कळते. तोच प्रयोग नंतर लॅपटॉपवर पाहताना मात्र कित्येकदा संकासुर आणि त्याच्यामागची रात्र एकाच डांबरी डागात मिसळून जातात, किंवा आकाशावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात.

हे पट्टे कुठून येतात, ते आधी सांगायला हवे. आपण वर्षानुवर्षे पाहत आलेला बहुतेक व्हिडिओ ८-बिट असतो, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या. तिन्ही मिळून सुमारे १ कोटी ६८ लाख छटा होतात आणि हा आकडा ऐकायला पुष्कळ वाटतो. परंतु व्हिडिओत उजेडाची नोंद ठेवताना ० ते २५५ हा सगळा पल्ला सहसा वापरला जात नाही. काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ धरण्याची रीत आहे, म्हणून हाताशी उरतात २२० पायऱ्या. भर दुपारच्या मिरामार किनाऱ्यासाठी त्या पुरतात. मध्यरात्रीच्या प्रांगणात जवळजवळ सगळे चित्र तळाच्या थोड्याशा पायऱ्यांमध्ये कोंबावे लागते आणि शेजारच्या दोन पायऱ्यांमधले अंतर डोळ्याला दिसू लागते. १०-बिट नोंदीत प्रत्येक रंगाला १०२४ पायऱ्या मिळतात. उजेडाचा नेहमीचा पल्ला ६४ ते ९४० असा असतो, म्हणजे २२० च्या जागी ८७७. छटांची एकूण संख्या १०७ कोटींवर जाते. तो मोठा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अंधाराच्या वाट्याला चौपट पायऱ्या आल्या, एवढेच माझ्या दृष्टीने महत्त्वाचे.

दशावताराच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. या नाट्यप्रकारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेले असते आणि बोलणे नट त्या त्या रात्री रंगमंचावर रचतो. त्यामुळे एका रात्रीचा प्रयोग दुसऱ्या रात्री तसाच होत नाही आणि त्याची संहिता कुठल्याही वहीत सापडत नाही. ध्वनिचित्रफीत हीच त्याची एकमेव प्रत असते. सत्तरी तालुक्यातल्या रणमाले या लोकनाट्याबद्दल आणि शिगम्यातल्या कित्येक सादरीकरणांबद्दलही असेच म्हणता येईल. अशा प्रतीबद्दल कोणी 'फाइल बिघडली आहे, काढून टाकली तरी चालेल' असे म्हणाला, की मला राहवत नाही. कारण गेल्या काही वर्षांत जी फाइल बिघडलेली म्हणून माझ्यासमोर आली, ती बहुतेक वेळा पूर्णपणे शाबूत होती.

घडते ते असे. गावातला एखादा मुलगा लग्नांच्या चित्रीकरणासाठी चांगला मिररलेस कॅमेरा घेतो, जत्रेच्या रात्री तोच कॅमेरा देवळासमोर लावतो आणि दुसऱ्या दिवशी मंडळाला पेनड्राइव्ह देतो. मंडळातले पखवाजवाले काका तो घरच्या लॅपटॉपला जोडतात. फाइलवर दोनदा टिचकी मारली की संगणकासोबत आलेला प्लेअर उघडतो, पखवाज ऐकू येतो, पेटी ऐकू येते आणि पडदा काळाच राहतो. काका विचारतात, "भाऊ, आवाज सगळा आहे, मग चित्र गेले कुठे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आवाज आणि चित्र फाइलमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने बांधून ठेवलेले असतात आणि ते सोडवणारे डीकोडरही वेगवेगळे असतात. आवाजाचा डीकोडर प्रत्येक संगणकात असतो. या चित्राचा त्या लॅपटॉपमध्ये नाही, एवढाच त्या काळ्या पडद्याचा अर्थ. विंडोजचा प्लेअर कधी कधी ५२१२ ने संपणारा एक लांबलचक सांकेतिक क्रमांक दाखवतो. त्याचाही अर्थ 'योग्य कोडेक सापडला नाही' असाच आहे. कोडेक म्हणजे व्हिडिओ बांधण्याची आणि सोडवण्याची ठरलेली पद्धत. फाइल मोडली आहे, असे तो क्रमांक कुठेही म्हणत नाही.

आता हा डीकोडर का नसतो, याचे उत्तर कोडेकच्या इतिहासात आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये आले. त्यानंतरच्या विस्तारात १०-बिटची सोय झाली, पण 'हाय १०' नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये. प्रोफाइल म्हणजे डीकोडर बनवणाऱ्याने कोणत्या कुवतीची हमी द्यायची, त्याची ठरलेली मर्यादा. चिप बनवणाऱ्यांनी टीव्ही, डिस्क आणि फोनला लागणारी ८-बिटची प्रोफाइल घेतली आणि 'हाय १०' बहुतेकांनी सोडून दिले. विंडोजमधला अंगभूत एच.२६४ डीकोडरही बेसलाइन, मेन आणि हाय या तीन प्रोफाइलपुरताच आहे. म्हणून १०-बिट एच.२६४ ही आजही एक पोरकी गोष्ट राहिली आहे. २०११ च्या सुमारास जपानी ॲनिमेशनचे चाहते तिच्याकडे वळले, कारण सपाट रंगांच्या चित्रात पट्टे फार खुपतात आणि १०-बिटमध्ये तेच चित्र कमी जागेत अधिक स्वच्छ बसते. त्या काळातल्या जुन्या प्लेअरमध्ये अशी फाइल उघडली की हिरव्या-गुलाबी चौकटींचा चिखल दिसे, कारण १० बिटांची नोंद ते ८ बिटांची समजून वाचत.

२०१३ मध्ये आलेल्या एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मध्ये, परिस्थिती सुधारली. 'मेन १०' हे प्रोफाइल पहिल्याच आवृत्तीत होते, आणि पुढे एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणाऱ्या, टीव्हींना १०-बिट लागू लागल्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतले. इंटेलच्या सातव्या पिढीच्या, म्हणजे २०१७ च्या आसपासच्या लॅपटॉपपासून 'मेन १०' सोडवणारे हार्डवेअर आत असते. मात्र एचईव्हीसीच्या पेटंटांचे मालक अनेक आहेत, त्यांचे परवान्यांचे गटही एकाहून अधिक आहेत आणि त्या परवान्यांचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. म्हणून विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टने हा कोडेक वेगळा काढून आपल्या स्टोअरमध्ये अल्प किमतीचा विस्तार म्हणून ठेवला. ॲपलने २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपासून तो मॅकमध्येच दिला. कित्येक लिनक्स वितरणांत तो मागाहून स्वतः बसवावा लागतो. चिपमध्ये क्षमता आहे, पण तिच्यापर्यंत पोचवणारे सॉफ्टवेअर नाही, अशी विचित्र अवस्था यातून तयार होते. 'एवढा नवा लॅपटॉप घेतला आणि साधा व्हिडिओ चालत नाही' ही तक्रार मी फोंड्यापासून काणकोणपर्यंत ऐकली आहे आणि तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असते. अशा वेळी एचईव्हीसीचा विस्तार बसवला की काम होते.

आपल्या मिररलेस कॅमेऱ्याचे प्रकरण मात्र एवढ्यावर सुटत नाही, कारण त्यात आणखी एक गाठ आहे. बहुतेक व्हिडिओत उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूसाठी असते, पण रंगाची नोंद चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकच असते. याला ४:२:० म्हणतात. २०१७ च्या पॅनासॉनिक जीएच५ पासून आणि २०२० नंतरच्या सोनी, कॅनन यांच्या अनेक कॅमेऱ्यांत ४:२:२ १०-बिट नोंद कॅमेऱ्यातच करता येते. तीत आडव्या शेजारच्या दोन बिंदूंना मिळून एक, म्हणजे ४:२:० च्या दुप्पट रंगनोंद असते. संकलन करणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो, कारण त्याला नंतर रंग सावरायचे असतात. पण 'मेन १०' ची हमी ४:२:० पुरतीच आहे. ४:२:२ सोडवणारे हार्डवेअर इंटेलच्या अकराव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये मिळते, ॲपलच्या एम मालिकेत मिळते, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ते २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत आलेच नव्हते. त्यामुळे खेळांसाठी घेतलेले महागडे ग्राफिक्स कार्ड जत्रेच्या फाइलपुढे थांबते आणि त्याहून स्वस्त लॅपटॉप तीच फाइल विनातक्रार दाखवतो. हे पाहून लोक चक्रावतात, आणि चक्रावणे साहजिक आहे. संगणकाची किंमत आणि त्याच्या डीकोडरची यादी यांचा थेट संबंध नसतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असते, की प्लेअरने दिलेला निकाल बाजूला ठेवावा आणि फाइलमध्ये काय आहे ते वाचावे. त्यासाठी 'मीडियाइन्फो' हे मोफत साधन पुरेसे आहे. त्यात व्हिडिओच्या विभागात चार ओळी पाहायच्या: फॉरमॅट, फॉरमॅट प्रोफाइल, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि बिट डेप्थ. फॉरमॅट एव्हीसी म्हणजे एच.२६४. त्याच्यासोबत बिट डेप्थ १० दिसली, की संगणकासोबतच्या प्लेअरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. फॉरमॅट एचईव्हीसी, प्रोफाइल मेन १० आणि सबसॅम्पलिंग ४:२:० असेल तर एचईव्हीसीचा विस्तार किंवा ग्राफिक्सचा अद्ययावत ड्रायव्हर एवढ्याने बहुधा भागते. सबसॅम्पलिंग ४:२:२ असेल तर विस्तार घेतला तरी फाइल चालेलच असे नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४ आहे की एमकेव्ही, यावरून यांतले काहीच कळत नाही. ते नुसते वेष्टन असते. एकाच नावाच्या वेष्टनात ८-बिटही असू शकते आणि १०-बिटही. अर्थात वेष्टनावरूनही कधी अडते. क्विकटाइम प्लेअर एमकेव्ही उघडतच नाही, मग आतला व्हिडिओ कितीही साधा असो.

खरोखर मोडलेली फाइल वेगळी ओळखू येते. रात्रभराच्या चित्रीकरणात कॅमेऱ्याची बॅटरी अचानक संपली किंवा कोणी कार्ड मध्येच ओढून काढले, तर एमपी४ फाइलची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, कारण कॅमेरा ती सहसा चित्रीकरण थांबवताना लिहितो. अशा फाइलचा आकार मोठा दिसतो, पण मीडियाइन्फोमध्ये व्हिडिओचा विभागच उमटत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही. तिच्यासाठी दुरुस्तीची निराळी साधने आहेत. त्यांना त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून लागते. ही खूण लक्षात ठेवावी. आवाज येत असेल आणि मीडियाइन्फोला व्हिडिओचा तपशील वाचता येत असेल, तर फाइल जिवंत आहे असे धरून पुढे जावे.

पुढे जाण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे स्वतःचे डीकोडर सोबत घेऊन येणारा प्लेअर. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये सुरुवात झालेला व्हीएलसी सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या ३.० या २०१८ च्या आवृत्तीपासून हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू असते आणि १०-बिट व एचडीआर यांची सोय आहे. एमपीव्ही हा दुसरा, दिसायला अगदी साधा पण माझ्या विशेष आवडीचा. दोघांच्याही मुळाशी एफएफएमपेग प्रकल्पाचे डीकोडर आहेत. 'हाय १०' काय आणि ४:२:२ काय, चिपला येत नसेल तर ते काम हे प्लेअर प्रोसेसरकडून करून घेतात. आजच्या मध्यम लॅपटॉपला १०८० ओळींचा १०-बिट एच.२६४ असा सोडवणे जड जात नाही. इंटरनेटवरून मिळणारे 'कोडेक पॅक' बसवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मी कोणालाही देत नाही. विंडोजचा नवा प्लेअर मीडिया फाउंडेशन या यंत्रणेवर चालतो आणि ते पॅक मुख्यतः डायरेक्टशो या जुन्या यंत्रणेसाठी असतात. त्यामुळे मूळ अडचण तशीच राहते आणि आधी चाललेले काही तरी बिघडण्याची शक्यता वाढते.

चित्र दिसते पण अडखळते, ही तक्रार निराळी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डीकोडचा आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना तो हलत असेल तर चिप काम करते आहे. तो सपाट आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडला आहे. फोर-के, सेकंदाला ५० चौकटी (फ्रेम) आणि ४:२:२ असे तिन्ही एकत्र आले, की जुना प्रोसेसर दमतो. एमपीव्हीमध्ये इंग्रजी 'आय' हे अक्षर दाबले तर कोणता डीकोडर चालला आहे, किती चौकटी गळाल्या आणि चित्र किती बिटांचे आहे, हे सगळे पडद्यावरच वाचता येते. याच्या उलटही घडते. हार्डवेअर डीकोडिंग चालू असते, पण ड्रायव्हरमधल्या दोषामुळे चित्र हिरवे येते किंवा तुकड्या-तुकड्यांत फाटते. तेव्हा व्हीएलसीच्या प्राधान्यक्रमात 'इनपुट आणि कोडेक' या भागात जाऊन हार्डवेअर प्रवेग बंद करावा. चित्र सुधारले तर दोष ड्रायव्हरचा, हे सिद्ध होते.

फिकटपणाची तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तीत माणसे चित्रीकरण करणाऱ्याला दोष देतात. चित्र नीट चालते, पण सगळे राखाडी. कुंकवाचा लाल विटकरी झालेला आणि संकासुराचा काळा धुरकट. १०-बिट फाइल पुष्कळदा एचडीआर असते. २०२० च्या आयफोन १२ पासून ॲपलचे फोन १०-बिट एचडीआर व्हिडिओ घेऊ लागले आणि त्यात उजेडाची नोंद साध्या टीव्हीच्या वक्राऐवजी बीबीसी आणि एनएचके यांनी मिळून घडवलेल्या एचएलजी वक्राने होते. वक्र म्हणजे उजेड आकड्यांत बसवण्याचा ठरलेला नियम. दुसरा प्रचलित वक्र पीक्यू. साध्या पडद्यावर दाखवताना प्लेअरने तो वक्र साध्या वक्रात उतरवायचा असतो, आणि संगणकासोबतचा प्लेअर ते काम नीट करेलच असे नाही. कॅमेऱ्याच्या लॉग नोंदीचे तर स्वरूपच फिकट असते. संकलनात रंग सावरले जातील, असे गृहीत धरून ती घेतलेली असते आणि तशीच पेनड्राइव्हवर दिली, तर कोणत्याही प्लेअरमध्ये ती फिकटच दिसणार. मीडियाइन्फोमधली 'ट्रान्स्फर कॅरॅक्टरिस्टिक्स' ही ओळ एचएलजी की पीक्यू ते सांगते. लॉगबद्दल मात्र चित्रीकरण करणाऱ्यालाच विचारणे बरे.

आपला पडदा १०-बिट नसेल तर या सगळ्याचा उपयोग काय, असे काही जण विचारतात. घरातले बहुतेक पडदे ८-बिटच असतात, आणि स्वस्त पडदे त्याहूनही कमी बिटांवर चालून उरलेले भेद झपाझप आलटून-पालटून भासवतात. तरीही १०-बिट फाइल चांगला प्लेअर अशा पडद्यावर उतरवतो तेव्हा तो पायऱ्यांच्या सीमेवर बारीक कण पेरतो आणि पट्टे विरून जातात. ८-बिटमध्ये एकदा घट्ट बसलेले पट्टे मागाहून पुसट करता येतात, एमपीव्हीमध्ये त्यासाठी एक कळही आहे. पण गेलेला तपशील त्याने परत येत नाही.

इथेच माझा रूपांतराविषयीचा आग्रह येतो. अडलेली फाइल 'हँडब्रेक'सारख्या साधनाने ८-बिट एच.२६४ मध्ये बदलली, की ती प्रत्येक फोनवर, टीव्हीवर आणि मंडळाच्या जुन्या संगणकावर चालते. हे अवश्य करावे. लोकांना प्रयोग पाहता आला पाहिजे, आणि काकांना कोडेकची नावे पाठ करायला लावणे मला मान्य नाही. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० च्या आसपास ठेवला तर पाहण्यापुरती प्रत उत्तम होते. मात्र रूपांतर झाल्यावर जागा वाचवण्यासाठी मूळ फाइल पुसण्याची जी सवय पडली आहे, ती थांबली पाहिजे. ८७७ पायऱ्यांचे २२० झाले की ते परत ८७७ होत नाहीत. उद्या कोणी त्या रात्रीच्या आकाशातला उजेड थोडा वर उचलून नटाची मुद्रा पाहू म्हणेल, तर ते मूळ फाइलमध्येच शक्य आहे.

पुढचा काळ या बाबतीत सोपा असेल, असे मानायला आधार आहे. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ या खुल्या कोडेकच्या मुख्य प्रोफाइलमध्येच ८-बिट आणि १०-बिट दोन्ही आहेत, आणि २०२० च्या एच.२६६ मध्ये पायाभूत प्रोफाइलचे नावच 'मेन १०' आहे. १०-बिट ही वेगळ्या दारात ठेवलेली ऐच्छिक गोष्ट राहिली नाही, म्हणून चिप बनवणाऱ्याला ती सोडून देण्याची सोयही उरली नाही. ४:२:२ मात्र अजून मुख्य प्रोफाइलच्या बाहेरच आहे आणि कॅमेरे तर ते सर्रास वापरू लागले आहेत.

तोपर्यंत मी मंडळांना एक साधी पद्धत सुचवतो आणि ती काही ठिकाणी रुजली आहे. प्रत्येक प्रयोगाच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी ठेवायच्या: कॅमेऱ्यातून आली तशी मूळ फाइल, पाहण्यासाठीची ८-बिट प्रत आणि एक छोटी मजकूर-फाइल. तीत गाव, तिथी, आख्यान आणि नटांची नावे यांच्याखाली कोडेक, प्रोफाइल, सबसॅम्पलिंग, बिट डेप्थ आणि चित्रीकरण लॉगमध्ये होते की एचएलजीमध्ये, हे लिहायचे. मूळ फाइलची दुसरी प्रत वेगळ्या घरी, वेगळ्या डिस्कवर असावी, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाला डिस्कही बळी पडतात. मूळ फाइल मंडळाच्या लॅपटॉपवर उघडली नाही तर त्या मजकूर-फाइलमधला तपशील वाचून दाखवायचा आणि मग कोणता प्लेअर बसवायचा ते ठरवायचे.